सात पोरींची टीम

तासगावजवळच्या आमच्या गावात मी शाळेतल्या मुलींना हँडबॉल शिकवते. शिकवत होते, म्हणायला हवं. या खेळाला सात जणी लागतात. एक मैदानावर आली की दुसरीच्या घरी नेमकी द्राक्षांची छाटणी निघायची.

पोरींचा दम वाढावा म्हणून पालकांनीच मेजरना आणलं. आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच. माणूस वक्तशीर, मायाळूही. त्यांनी पोरींना पळवलं आणि शेवटी खरंच पळवलं. महिन्याभरात मला म्हणाले, "मॅडम, ह्या पोरी पोलीस भरतीत लागतील. तुमच्या खेळात काय हाय? कोण बघतंय?"

मला राग आला, पण म्हणणं खोटं नव्हतं. तालुक्याच्या स्पर्धेत आमच्यासमोर दुसरा संघच नसायचा. न खेळताच जिंकायचो. चषक हातात घेऊन पोरी रडायच्या, कारण त्यांना खेळायचं असायचं.

एकेक करून त्या मेजरांच्या रांगेत गेल्या. आमच्या गोलाच्या आडव्या दांड्याला भरतीची पोरं गुडघे दुमडून पुलअप्स मारू लागली. दांडा मधोमध वाकला. मी खेकसले, तर एक जण म्हणाला, "आवं मॅडम, न्हाईतर गंजतच हाय की त्यो."

उरली फक्त आमची गोलकीपर. कितीही जोरात बॉल मारा, ही डोळे मिटायची नाही. आम्ही दोघीच सराव करायचो. मग एके दिवशी ती गुडघ्याचे पॅड धुऊन, वाळवून परत द्यायला आली.

"मॅडम, घरात लग्नाचं बघायला लागल्यात. भरती झाले तर थांबत्याल."

मी पॅड घेतले. जा म्हणाले. घरी येऊन खूप रडले.

ती भरती झाली. चौकातल्या फ्लेक्सवर तिचा खाकीतला फोटो, शेजारी मेजर. पोरगी सुटली, बरं झालं. हे मला कळतं, तरी त्या फ्लेक्सखालून जाताना माझी मान वर होत नाही.

परवा संध्याकाळी मी मैदानावर असताना तिचा फोन आला. "मॅडम, टीम हाय न्हवं अजून? सुट्टीला आले की गोलात मीच उभी राहणार."

"हाय की. ये तू."

"मग कुणाचा आवाज कसा येत न्हाई?"

"पाणी प्यायला गेल्यात पोरी," मी म्हणाले. वाकलेल्या दांड्याखाली मी एकटीच उभी होते.