डावी स्की

बहरीनमधल्या तुबलीच्या खाडीलगत, गॅरेजांच्या रांगेत हमीद उलडे यांची शेड आहे. फायबरच्या होड्या, वॉटर स्कूटर, कधी एखाद्या रेस्टॉरंटच्या दारातला फुटलेला प्लास्टिकचा उंट, असं काहीही ते सांधून देतात. वय चोपन्न. गाव मुरूडजवळचं राजपुरी. वडील होड्या दुरुस्त करायचे आणि त्यांचा एक नियम होता: ज्यानं होडी सांधली, त्यानंच ती पहिल्यांदा पाण्यात न्यायची. गिऱ्हाईक नंतर. हमीद इथेही तो नियम पाळतात. त्यापायी वॉटर स्कूटरवरून पडून त्यांचे दोन दात गेले आहेत.

डिसेंबरात स्पृहा नावाची मुलगी त्यांच्याकडे बर्फावर घसरायच्या स्कीची जोडी घेऊन आली. उजवी ठीक होती. डावीचे थर एका टोकाला सुटले होते.

"अंकल, कॅन यू फिक्स इट?"

हमीदनी स्की आडवी धरून एका डोळ्यानं पाहिली. दोन्ही टोकं सारखीच वर वळलेली.

"हिची नाळ कुठली? पुढचं तोंड?"

"ट्विन-टिप आहे. पुढे जाते, उलटीपण जाते. ऑल-माउंटन. कडक बर्फ, मऊ बर्फ, एव्हरीथिंग."

"मग हिला समजतं कसं, जायचं कुठं?"

स्पृहा हसली. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. मराठी सगळं कळतं, बोलते अडखळत.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. विशाखा मूळच्या पुण्याच्या, इथे एका कंपनीत अकाउंटंट. स्की त्यांच्या नवऱ्याची, सुयशची. दर हिवाळ्यात तो मुलीला घेऊन स्कीइंगला जॉर्जिया देशात जायचा. मागच्या फेब्रुवारीत एकटा गेला. उतारावर धुकं उतरलं आणि तो परत आला नाही. शोधणाऱ्यांना डावी स्की सापडली, खाली गोठलेल्या ओढ्याच्या काठी, बर्फात सरळ उभी. त्यांनी तिच्याभोवती दोन दिवस खणलं. सुयश तिथे नव्हताच. तो पुष्कळ वर होता, उजव्या स्कीजवळ. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर दिसला.

"स्कीतून पाय सुटला की तिचे ब्रेक खाली पडतात," विशाखा म्हणाल्या. "स्की तिथल्या तिथे थांबायला हवी. ही थांबली नाही. आता स्पृहाला हीच घेऊन त्याच उतारावर जायचंय. हमीदभाई, दुरुस्त होत नाही म्हणून सांगा."

"होत नसेल तर सांगीन, ताई."

"आणि होत असेल तर?"

"तर होते म्हणून सांगीन."

त्यांनी रेझिन भरलं, शिकंजे लावून थर दाबले, पोलादी कडा घासल्या, तळाला मेण चोळलं. ब्रेक म्हणजे दोन आकडे आणि एक स्प्रिंग. बोटानं दाबून सोडले की खाडकन खाली पडत. पुन्हा पुन्हा पाहिलं. दर वेळी पडले.

राहिला वडिलांचा नियम. बायको जुबैदानं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "ह्या वयात फळ्यांवर चढा. पडलात तर शेक घ्यायला माझ्याकडं यायचं नाय."

जानेवारीत पाऊस पडून गेला, त्याच्या दुसऱ्या सकाळी हमीद, स्पृहा आणि विशाखा वाळवंटात, सखीरच्या पुढे गेले. तिथे वाळूचा एक उतार आहे, तीन मजली घराएवढा. पावसानं वरची वाळू थापल्यासारखी कडक झाली होती, मधली भुसभुशीत, खाली खडी आणि त्यापुढे खारवट पापुद्र्याची सपाट जमीन. धुकं होतं. विशाखा गाडीतून उतरल्या नाहीत.

हमीदच्या पायात सुयशचे जुने बूट होते, आत दोन-दोन मोजे. स्पृहानं बूट स्कीत अडकवणारे खटके लावून दिले.

"गुडघे वाका, अंकल. मागे झुकू नका. होडीत उभे राहता ना, तसं."

"होडीत मी बसतो, पोरी."

पहिल्यांदा ते अर्ध्या उतारावरून आले. कडक वाळूवर स्की घसरली, मऊ वाळूत रुतत हळू झाली, खडीवर करकरली. पडले नाहीत. मागे वळून पाहिलं तर दोन सरळ रेघा. वर गेलेल्या की खाली आलेल्या, ते रेघांवरून सांगता येत नव्हतं.

"खलास, झालं! पास!" स्पृहानं टाळ्या वाजवल्या.

"अजून वरून," हमीद म्हणाले. स्की खांद्यावर टाकून ते चढले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

स्पृहा खाली थांबली. वरून वाळूवर घसरल्याची खरखर ऐकू आली. मग धुक्यातून डावी स्की एकटीच आली. भुसभुशीत वाळूत ती हळू झाली नाही, खडीवर थांबली नाही. स्पृहाच्या बाजूनं पुढे गेली आणि खारवट जमिनीत टोक रोवून सरळ उभी राहिली.

वर उतारावर, एका उंचवट्यामागच्या खळग्यात हमीद पालथे पडले होते. तोंडात वाळू. उठून बसायला वेळ लागला. त्यांना खालून स्पृहाच्या हाका ऐकू आल्या. आधी "अंकल!", मग "बाबा!" हाका त्यांच्यापासून दूर दूर जात होत्या.

विशाखांनी गाडीच्या काचेतून पाहिलं. त्यांची मुलगी उभ्या स्कीशेजारी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी जमीन खणत होती.

"मी इकडं हाय!" वरून हमीद ओरडले. "वर! वर बग!"

तिनं वर पाहिलं नाही. विशाखा धावत गेल्या, तिचे हात धरले. नखांत मीठ गेलं होतं, एका बोटातून रक्त येत होतं.

"आई," स्पृहा म्हणाली, "मी स्कीकडे धावले."

हमीद लंगडत खाली आले. त्यांनी स्की उपटली. ब्रेकचे दोन्ही आकडे खाली पडलेले होते. ती आली त्या वाटेवर मात्र आकड्यांनी वाळू ओरबाडल्याची एकही खूण नव्हती, नुसती एक गुळगुळीत रेघ. त्यांनी बोटानं आकडे दाबून सोडले. खाडकन पडले. स्प्रिंग ठीक, खिळे ठीक, जोड ठीक.

"नाय देत मी ही," ते म्हणाले.

"दोष काय आहे?" विशाखांनी विचारलं.

"मिळाला असता तर काढला असता. आमच्याकडं अशी होडी पालथी ठेवतात, विकत नायत, मोडत नायत."

स्पृहानं वाद घातला नाही. ती गाडीत मागे बसली आणि हात मांडीखाली घेऊन राहिली.

फेब्रुवारीत मात्र ती जॉर्जियाला गेली. तिकडे स्की भाड्यानं मिळतात. ते पाच दिवस विशाखांचा रोज संध्याकाळी हमीदना फोन यायचा. मुलीचा विषय निघायचा नाही.

"डावी जागेवर आहे ना?"

हमीद गुदैबियाला घरी पोहोचलेले असले, तरी तिथून उत्तर देत नसत. गाडी काढून तुबलीला यायचे, शेड उघडायचे, दिवा लावून मागच्या भिंतीपाशी पालथी ठेवलेली स्की पाहायचे आणि मग फोन करायचे.

"आहे."

स्पृहा सुखरूप परतली. विशाखांचे फोन यायचे थांबले. हमीद मात्र अजून शेड उघडली की दिवा लावून आधी मागे जातात.