सोन्याच्या टोपीखालचा दात

चिंचेच्या कोळात कालवलेल्या राखेला, पहाटेच्या गार हवेत, एक आंबट धुरकट वास येतो. औरंगाबादेत तीन वर्षं माझा दिवस त्या वासानं उजाडत असे. नहरीच्या पाण्याच्या हौदाशी उकिडवा बसून, पितळेची भांडी उजळावीत तसा मी एकच दात बोटानं घासत राही. वरचा, उजवीकडचा, सुळ्यामागचा. त्यावर सोन्याची टोपी होती, आणि ती तोंडात असूनही आपली नव्हे, असं मला सतत वाटत असे.

मी मूळचा समुद्राकाठचा. चौथीत शाळा सुटली आणि पुढं पोटामागं फिरत निजामाच्या मुलखात, हिमरूच्या रेशमी कापडाच्या मागावर येऊन बसलो. रेशीम दातानं तोडायची खोड आम्हा सगळ्या विणकरांना. कात्री शोधत बसायला सवड कुणाला? एके दिवशी ताणलेला पीळ तोडताना आधीच किडलेला तो दात उभा चिरला. आठ दिवस मी नुसत्या पेजेवर काढले. आमच्या उस्तादांच्या पत्नीला, चाचींना, ते बघवलं नाही. त्यांनी उजव्या कानातली बाळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि मला छावणीतल्या दातांच्या डॉक्टरकडं धाडलं. त्यानं दातातली ठणकणारी शीर काढली, उरलेला दात कोरून बारीक केला आणि बाळीच्या सोन्याची टोपी घडवून त्यावर बसवली.

चाचींच्या उजव्या कानाचं भोक त्यानंतर रिकामंच राहिलं. मी त्यांच्या ना नात्याचा, ना गावचा. अशा माणसाला कुणी अंगावरचं सोनं देतं तेव्हा त्याच्या आनंदाला आतून एक थरथर सुटते. दिलेली वस्तू मळेल, झिजेल, आणि देणाऱ्याच्या डोळ्यांत एखाद्या दिवशी पश्चात्ताप दिसेल, या धास्तीनं तो हसतानाही सावध राहतो. मागावरचे सोबती ओरडत, "खजिना चालला रे! पहारा बसवा याच्या तोंडावर!" ईदला शिरखुर्म्याची वाटी देताना चाची म्हणत, "हास की रे जरा." मी हसे. सोनं लखलखे. पुढचे चार दिवस मला निवांत झोप लागे.

तिसऱ्या वर्षी, थंडी ओसरून कडुनिंबाची पिवळी पानं अंगणभर पडू लागली तेव्हा, सकाळी थुंकीत रक्ताचा खारट तांबूसपणा दिसू लागला. मला वाटलं, घासणं कमी पडतंय. मी राख वाढवली. मग तोंडाला वास येऊ लागला, तेव्हा बोलताना ओठांवर हात ठेवू लागलो. आणि शेवटी कुणालाही न सांगता छावणीत गेलो.

डॉक्टरनं आरसा हाती दिला. "सोना तो सलामत है मियाँ, मगर दाँत का क्या हाल कर डाला?" सोन्याची कड जिथं संपते, तिथून हिरडी पार मागं सरली होती, मुळाचा पिवळेपणा उघडा पडला होता, आणि सांध्यावर एक काळी रेघ उमटली होती. टोपी कधी किडत नाही, तिच्याखालचा दात किडतो, असं तो म्हणाला. राख बंद. मऊ ब्रश तिरका धरून त्या कडेवर हलकेच फिरवायचा, मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरायच्या, मेण लावलेलं बारीक रेशीम दातांच्या फटीतून फिरवायचं, सहा महिन्यांनी येऊन दाखवायचं. किती वर्षं टिकेल, विचारलं, तर त्यानं फक्त खांदे उडवले.

परतताना उन्हात धुळीचा सोनेरी पडदा तरंगत होता आणि मला त्या रंगाचीच भीती वाटत होती. माझी सगळी निगा चकाकीपाशीच थांबली होती. घरी लिहिलेली पत्रंही अशीच घासूनपुसून पाठवलेली. सगळं कुशल आहे, एवढंच त्यांत असे. जेवतो चाचींच्या चुलीवरचं, हे मी आईला कधी कळवलं नव्हतं.

चाची भाकऱ्या थापत होत्या. उंबऱ्यातच उभा राहून म्हणालो, "चाची, तुमची बाळी मी वाया घालवली." आणि मग राखेपासून काळ्या रेघेपर्यंत सगळं सांगून टाकलं. दात गेला तर बाळीचा उपयोगच संपला, हेही.

त्यांनी पिठाचे हात तसेच ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. आदी मला सांग, त्या बाजूनं तू चावत का नाईस?"

माझा हात गालावर गेला.

"तीन वर्सं बघती मी. घास निस्ता डावीकडं. का रे?"

"झिजेल म्हणून."

"या अल्ला! झिजंल म्हून!" त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते. "बेटा, बाळी काय बघायला दिली व्हती? तुला खाता यावं म्हून दिली. लई शाना तू! बस खाली."

तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा मोडून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला. मी घास उजवीकडं नेला आणि भीत भीत दात टेकवले. सुजलेली हिरडी चुरचुरली. तरी जोंधळ्याची गोडी हळूहळू त्या बाजूलाही उतरली. मान वर केली, तर चाची माझ्या तोंडाकडं बघतही नव्हत्या. पुढचा उंडा हातावर घेऊन त्या विचारत होत्या, "अजून किती टाकू?"

मला भूक किती आहे, हे त्या मुलखात आल्यापासून मी कुणाला सांगितलंच नव्हतं.