कप्तानाचा खून आणि चारचा चहा

आकाशगंगेत कुठंही खून पडला तर तपास अमरावती रोडवरच्या एका म्हाताऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे द्यावा, असं माझं ठाम मत आहे. हा गृहस्थ म्हणजे आमचे मावसाजी, माझ्या मावशीचे यजमान. उभा जन्म त्याच रोडवरच्या वाडी गावातल्या गोदामात ट्रक भरण्यात आणि ड्रायव्हरांवर ओरडण्यात गेला. गोदाम मुलाच्या हवाली केल्यावर माणसं देवधर्माला लागतात, हे रहस्यकथांना लागले. आणि लागले ते असे, की त्यांच्या घरी गेलं तर "ये, बस" म्हणायच्या आधी विचारणार, "तुले काय वाटते गा, स्वयंपाक्यानं मारलं असन?" कोणाला मारलं, कुठं मारलं, काही पत्ता नाही. आपण आपलं हो म्हणायचं आणि खुर्ची ओढायची.

वाचण्याची त्यांची तऱ्हा जगावेगळी. नवं पुस्तक घरात आलं की आधी ब्लेडनं शेवटचं प्रकरण कापायचं आणि मान फिरवून मावशीच्या हातात द्यायचं. मावशीनं ते वाचायचं, स्वयंपाकघरात कुठंतरी लपवायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. मग मावसाजी बाकीचं पुस्तक वाचणार आणि रोज दुपारी चारला तिच्यासमोर एका संशयिताचं नाव घेणार. चुकलं तर मावशी जागची हलत नसे. भाजी निवडता निवडता "वाचा अजून" एवढंच म्हणे. बरोबर आलं तर एक शब्द न बोलता उठे आणि आतून पानं घेऊन येई. ती वाचून झाली की मावसाजी पोती शिवायच्या दाभणानं, सुतळी ओवून, पुस्तकाला परत शिवून टाकत. त्यांच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाला अशी सुतळीची शेपटी आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ शेवट वाचून मोकळं का होत नाही, असं मी एकदा विचारलं, तर माझी कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "बिल्टी दाखवल्याबिगर माल सोडते का कोणी?" बिल्टी म्हणजे माल सुटायची पावती. खुन्याचं नाव ही बिल्टी आणि शेवट हा माल.

मध्यंतरी एका पुस्तक प्रदर्शनातून त्यांनी अंतराळातली एक जाडजूड कादंबरी उचलून आणली. दोन साम्राज्यांचं युद्ध, शेकडो ग्रह, आणि त्या सगळ्या धामधुमीत एका मालवाहू यानाच्या कप्तानाचा खून. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात रायपूरपलीकडे पाऊल टाकलं नाही त्याला ताऱ्यांमध्ये काय रस, असं मी म्हटलं. तेव्हा त्यांनी मला समोर बसवून समजावलं. "इथं खून केला का माणूस बसते एसटीत अन् जाते वर्ध्याले. तिथं कुठं जाईन? दार उघडलं का खलास! खुनी रोज सगळ्याइच्या पंगतीत जेवून राहिला, अन् गाडी चालूनच राहिली. बाहेर एवढं मोठं आभाळ अन् अंदर एवढीशी भानगड. याले म्हणते मजा." मला पटलं, काय करता! फक्त यानात माल काय भरला होता हे लेखकानं कुठंच सांगितलं नाही, म्हणून ते बरेच दिवस लेखकावर रुसून होते. यानातल्या मदतनिसाला त्यांनी पहिल्याच दिवशी निर्दोष सोडलं. क्लीनरनं ड्रायव्हरला मारलं तर गाडी कोण चालवणार, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

नेमकं ह्याच पुस्तकाच्या वेळी मावशीचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग माझ्या बायकोचं नाव. हे वाढतच जाणार, तिला होईल तेवढं बोलतं-हलतं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. मावसाजींनी चारला पहिल्यांदा यानावरच्या दुय्यम अधिकाऱ्याचं नाव घेतलं आणि मावशी उठली. पहिल्याच झटक्यात बिल्टी जुळली म्हणून हे खुर्चीत ताठ बसले. मावशी आत गेली आणि थोड्या वेळानं चहा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्री करायला स्वयंपाक्याचं नाव घेतलं. मावशी उठली, चहा आला. मग सम्राटाची विधवा बहीण झाली, तरी चहाच. नाव ऐकलं की उठायचं, एवढं तिच्या लक्षात राहिलं होतं. कशासाठी, ते राहिलं नव्हतं.

पानं कुठं ठेवलीस म्हणून विचारलं की ती बिचारी कावरीबावरी होई, म्हणून त्यांनी ते विचारणं सोडलं. चारला नाव घेणं मात्र सोडलं नाही. पुस्तकातली माणसं संपली तेव्हा त्यांनी वाडीतले आपले जुने ड्रायव्हर एकेक करून यानात चढवले, आणि तेही संपले तेव्हा पुन्हा पुस्तकातल्यांपासून सुरुवात केली. चहाच्या वेळी सून गॅसपाशी उभी राहते, नाहीतर काही खरं नाही.

गेल्या महिन्यात सुनेनं मला माळ्यावरून कुरड्यांचा डबा काढायला सांगितला. कुरड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत, नीट घडी घालून, ती पानं होती. मला तर घबाड सापडल्यासारखं झालं. धावत बाहेर आलो आणि पिशवी मावसाजींच्या हातात ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. नुसती हातावर तोलली आणि अंगणात ऊन खात बसलेल्या मावशीकडे बघत राहिले.

"ठेव गा जिथं होती तिथं."

अहो, एवढे दिवस ज्याच्यासाठी जीव टाकत होता ते हातात आलंय, वाचा तरी, असं मी म्हटलं.

"हे वाचलं तर मी तिले इचारू काय? अन् मी नाही इचारलं, त ती उठन कशाले?"

मी पिशवी परत कुरड्यांखाली ठेवली. खोटं कशाला बोलू, एक पान उलटून बघायचा मोह झाला होता, पण नाही बघितलं. बाहेर आलो तेव्हा चार वाजले होते आणि मावसाजी खुर्ची तिच्याजवळ सरकवून सांगत होते, "आयकलं का वं, कप्तानाले यानातल्या त्या डॉक्टरनं मारलं." मावशीनं त्यांच्याकडे बघितलं, ओळखीचं हसली, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत गेली. आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो.

चहात साखर नव्हती. मावसाजींनी फुर्र फुर्र करत कप संपवला, खाली ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "डॉक्टर नसन. उद्या सम्राटाले पाहू."