भिंतीवरचा डबा

आजीचा विषय निघाला की आमच्या घरात प्रत्येकाला वेगळंच काहीतरी आठवतं, अन् चहा थंड होतो. सगळं सांगत बसलो तर तुमचाही होईल. म्हणून फक्त डब्याचं सांगतो.

जबलपूरला महाराजपुरात आमच्या अन् दुबेंच्या घरांमध्ये कंबरेइतकी एकच भिंत. दुबाईन, म्हणजे दुबेंची आई, आजीच्याच वयाची. एकदा भजनमंडळात ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मराठी लोग दाल में गुड़ डालते हैं. दाल है कि हलवा?" चिंच-गुळाचं वरण म्हणजे आजीचा मान! घरी येऊन तिने जाहीर केलं, "आजपासून त्या बाईशी बोलणं बंद."

*

अडचण दुसऱ्या दिवशी कळली. दुबाईनचा स्टीलचा डबा आमच्याकडे राहिला होता, गुजिया आल्या होत्या त्यातून. परत तर करायचा, पण रिकामा कसा देणार? आजीने कोथिंबिरीच्या वड्या तळल्या, डबा भरला अन् भिंतीवर नेऊन ठेवला. दुबाईनचीही तीच रीत. आठवड्याने डबा पुन्हा भिंतीवर, आत मठरी.

बाबा म्हणाले, "आई, हे भांडण आहे की टिफिन सर्व्हिस?"

"भांडण तिच्याशी आहे. डब्यानं काय केलं?"

असं कितीतरी वर्षं चाललं.

*

एकदा आजीने ठरवलं, हे बंदच करायचं. डब्यात ठेचा भरला, असा की वाटतानाच आईच्या डोळ्यांतून पाणी. दुपारभर भिंतीपलीकडून खोकला ऐकू येत होता. आजी आधी खूश, मग बेचैन. शेवटी आईला म्हणाली, "काहून एवढी खोकून राहिली ती? जाऊन पाह्य बरं. मी विचारलं म्हणून सांगू नको."

डबा परत आला तो कारल्याच्या भाजीने भरून. आजीने ती चाटूनपुसून खाल्ली.

*

मंडळाची भेडाघाटला ट्रिप गेली तेव्हा बसमध्ये दोघींना नेमकी शेजारची सीट मिळाली. मध्ये डबा. दोघी त्यातल्या पुऱ्या खात होत्या अन् एकमेकींकडे बघत नव्हत्या. आजी खिडकीला म्हणाली, "मीठ कमी आहे."

दुबाईन ड्रायव्हरला म्हणाली, "भैया, इनसे कहो, नमक घर से लाया करें."

*

मग आजी अंथरुणाला खिळली. डबा आमच्या ओट्यावर होता. तिला दुसरी कसली भीती नव्हती, आपण गेलो की सून तो घासून रिकामाच परत करेल, एवढीच. आईला म्हणाली, "वरण कर. दुबाईनकडे पाठव."

आईने गुळाची बरणी काढली.

"गूळ नको टाकू."

आईने पुन्हा विचारलं तर आजीने कूस बदलली. वरणाचा डबा आईने भिंतीवर ठेवला.

दोन दिवसांनी आजी गेली. मला ती फार आठवते, हे सांगूनच टाकतो.

त्या संध्याकाळी आमच्याकडे चूल पेटली नव्हती. दुबाईन इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेटमधून आली, एका हातात डबा, दुसऱ्यात भाताचं पातेलं. आईने आम्हाला त्यातलं वरण भातावर वाढलं. वरण गोड होतं.

दुबाईन दाराशीच बसली होती. तिने विचारलं, "इतना ही गुड़ डालती थीं न वो?"

आई म्हणाली, "इससे ज़्यादा."