ज्यांची पत्रं नाहीत

"हे कोनं लिवलं? कायले लिवलं?" कुठलाही कागद हाती आला की बाईंचे हे दोन प्रश्न ठरलेले. वरून परिपत्रक आलं तरी तेच. मुकुटबनकडच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो, त्या इतिहास.

त्यांचा तास तुम्ही पाहायला हवा होता. अमेरिकेत सोनं सापडलं म्हणून घरदार सोडून धावलेल्या माणसांची पत्रं, रोजनिशीची पानं त्यांनी शोधून काढली, स्वतः मराठीत उतरवली. पोरं ती मोठ्यानं वाचत. नदीच्या गार पाण्यात उभं राहून दिवसभर रेती चाळणारे, आजारानं खंगलेले, अन् बायकोला मात्र 'मजेत आहे' असं कळवणारे.

"पाहा बरं, खोटं कुठं बोलून राह्यला तो?" बाई विचारत. अख्खा वर्ग त्या ओळीवर बोट ठेवी.

एकदा कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची, एक मुलगी उठली. "बाई, त्या नदीवर पयले कोन राहे? त्याईचं पत्र कुठं हाय?"

बाईंनी हातातली पत्रं टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "ते म्या शोधलंच नाही, पोरी. चुकलं माहं."

दुसऱ्या दिवशी बाई सगळ्या वर्गाला घेऊन त्या मुलीच्या आजीकडे गेल्या. आजीचं जुनं पोड खाणीसाठी उठलं होतं. आजी कोलामीत सांगायची, नात मराठीत, पोरं लिहून घ्यायची. ते कागद शाळेच्या व्हरांड्यात लागले.

महिन्याभरात तपासणीला साहेब आले. "सोन्याच्या धड्यात हे पोड कुठून आलं? काढा ते कागद."

"नाही काढत," बाई म्हणाल्या. "पोरायनं इचारून लिवलं. खोटं असंन तं दाखवा."

"लेखी माफी द्यावी लागेल."

"लेखी देतो." तिथंच बसून त्यांनी लिहिलं: पुढच्या वर्षीही मी हेच शिकवणार आहे. खाली सही, तारीख. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि खिशात घातला.

उन्हाळ्याआधी बदलीचा आदेश आला. फुलसावंगीकडे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

मला राहवलं नाही. "बाई, दोन ओळींची माफी लिहिली असती तर?"

"अन् शंभर वर्सांनी कोनी वाचली असती तं, सर?"

त्यांना सोडायला मी स्टँडवर गेलो. बस सुटता सुटता ती आजी आली, पोडावरून चालत. दाराशी उभी राहून कोलामीत बोलू लागली. नात सोबत नव्हती. बाईंना एक शब्दही कळत नसावा. कंडक्टरनं घंटी मारली, पुन्हा मारली, ओरडला.

आजीचं बोलणं संपेपर्यंत बाईंनी बसचं दार लावू दिलं नाही.