अण्णांची बॅटरी

फोनच्या दुकानात उभं राहून पाय दुखायला लागले होते आणि डोकं त्याहून जास्त. गावी एकटे राहणाऱ्या माझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी, नवा फोन घ्यायचा होता. विक्रेता रॅम सांगत होता, प्रोसेसर सांगत होता, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगत होता. मी दरवेळी एकच विचारत होते, "बॅटरी किती टिकेल?"

शेजारच्या स्टुलावर एक बाई फोनवर बोलत होत्या. "ठेवते गं," म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी होईपर्यंत अंगठा हलला नाही. मग फोन रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

अण्णाही असंच करतात. खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवावा, तसा बोलणं झालं की फोन बंद. त्यांनी सगळंच असं पुरवून पुरवून वापरलं. आम्ही दिवसभर सगळं चालू ठेवतो, स्वतःलासुद्धा, आणि संध्याकाळी रिकामे होऊन चार्जर शोधत फिरतो.

मागे एकदा मी चिडले होते. "अण्णा, चालू ठेवत जा ना! इथे माझा जीव टांगणीला लागतो."

"अगं, तुझा फोन यायचा आणि नेमकी बॅटरी संपलेली असायची," ते म्हणाले. "म्हणून जपून ठेवतो."

"मॅडम, हाच घ्या. दोन दिवस बघायला नको," विक्रेता म्हणाला.

रंग तरी अण्णांना विचारावा, म्हणून मी फोन लावला. बंद होता. माझ्या फोनसाठी जपून ठेवलेला.