मायच्या दाखल्यातला एक इंग्रजी शब्द

क्लार्क हसला. मग त्याने कागद शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे सरकवला. बाईंनी चष्मा लावून वाचला, तोंडावर रुमाल धरला आणि त्याही हसल्या. माझी माय टेबलासमोर उभी होती. ते हसले म्हणून तीही हसली. आणि मीही हसले. मी तेव्हा आठवीत होते.

"सरस सर्टिफिकेट छे, मासी," क्लार्क म्हणाला. "साचवी राखजो."

छान दाखला आहे, जपून ठेवा. मायने कागद दोन्ही हातांनी परत घेतला, पदराने पुसला, पिशवीत ठेवला. जागा भरली आहे, असं त्याने सांगितलं. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर 'आया जोईए छे', म्हणजे आया हवी आहे, असा कागद डकवलेला होता. मला गुजराती वाचता येत होतं. मी तो वाचला आणि गप्प राहिले. वाटलं, मोठ्या लोकांची शाळा, त्यांचं काही तरी असेल.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी थोडं ताठ मानेचं बोलणार आहे. त्या दिवशी मी हसले होते. ते विसरायचं नाही.

आम्ही गुजरातेतल्या लिंबायतचे. म्हणजे मूळ धुळ्याकडचे, पण माझा जन्म इथलाच. बाप लूमवर. माय तापीपलीकडच्या एका इंग्रजी शाळेत आया होती. अकरा वर्षं. बालवाडीच्या पोरांना मुतायला नेणं, धुणं, चड्ड्या बदलणं, ओकारी पुसणं, नाक पुसणं, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरणं. त्या शाळेतली निम्मी पोरं पहिल्या महिन्यात 'मम्मी' म्हणून तिच्याच मागे लागायची. आणि एक नियम. ड्युटीवर आयाने बसायचं नाही. कुठे लिहिलेला नव्हता. व्हरांड्यात आयांसाठी खुर्चीच नव्हती, म्हणजे नियमच झाला. सकाळी साडेसातपासून दुपारी अडीचपर्यंत उभं. घरी आली की माय आधी भिंतीला पाय लावून झोपायची, मग पाणी प्यायची.

एके दिवशी चार वर्षांच्या एका पोराला ताप भरला. त्याच्या घरचे घ्यायला येईपर्यंत त्याला सांभाळ, म्हणून टीचरने मायकडे दिलं. पोर तिच्या खांद्यावर झोपलं. तापलेलं पोर जड होतं, ज्यांनी धरलंय त्यांना माहीत आहे. मायने वर्गातली एक लाल प्लास्टिकची खुर्ची बाहेर ओढली. पोरांची खुर्ची, आपल्या गुडघ्याएवढी. आणि ती बसली.

तेवढ्यात ट्रस्टी मॅडम आल्या. सोबत दोन पाहुणे, शाळा बघायला आलेले. मॅडम म्हणाल्या, ऊभी था. ऊठ.

मायने खालच्या आवाजात सांगितलं, "छोकरो सूतेलो छे, बेन. ए ऊठे एटले हुं ऊठुं."

पोर झोपलंय. ते उठलं की मी उठते. एवढंच. आवाज चढवला नाही, हात नाचवला नाही. पोराची झोप मोडू नये एवढंच तिच्या डोक्यात. पण पाहुण्यांसमोर एक आया बसून राहिली होती.

पुढच्या महिन्यात शाळेने सांगितलं की आया आता एजन्सीकडून येणार. बाकीच्या तिघी एजन्सीतून परत आल्या. माय आली नाही. तिला ऑफिसात बोलावून एक पत्र दिलं. जाड कागद, वर शाळेचं सोनेरी चिन्ह, खाली गोल शिक्का, सगळं इंग्रजीत. कुठे नोकरीला गेलीस तर दाखव, असं म्हणाले. माय घरी आली ती रडत नव्हती. ती खूश होती. अकरा वर्षांचा मान कागदावर मिळाला, असं तिला वाटलं. गल्लीतल्या चौघींना दाखवला. एकीलाही वाचता येत नव्हतं, पण शिक्का सगळ्यांना दिसत होता.

मग आम्ही झेरॉक्सवाल्या भाऊकडे गेलो. माय म्हणाली, प्लास्टिक चांगलं चढव. तो म्हणाला, "जाड मारतो मावशी. तापीला पूर आला तरी तुमचं इंग्रजी भिजणार नाही."

भिजलं नाही. शब्द आत नीट सुरक्षित राहिला.

तो कागद घेऊन माय सात शाळांमध्ये गेली. तीन ठिकाणी मी सोबत होते. सगळीकडे तेच. आधी आदराने बसल्या जागेवरून हात पुढे यायचा, मग नजर खाली यायची, एका ओळीवर थांबायची, मग जागा भरलेली असायची. आपल्याविरुद्धची तक्रार आपणच पिशवीत घालून, रिक्षाचं भाडं भरून, दारोदार पोचवत होतो. आणि वर म्हणत होतो, साहेब, वाचा ना. शेवटी मायने नाद सोडला. घरी साड्यांचे धागे कापायचं काम आणलं. आमच्या गल्लीत ते काम करायला कुणी दाखला मागत नाही.

मी मनपाच्या मराठी शाळेत शिकले, पुढे गुजरातीत. इंग्रजी म्हणजे परीक्षेपुरतं. बारावीनंतर उधन्याला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात लागले. तिथे दिवसभर लोकांचे कागद स्कॅन करायचे. आणि कागद वाचायची सवय लागली. एकदा मायचा कुठलासा फॉर्म भरायचा होता, म्हणून घरून तिची सगळी पिशवी आणली. तो दाखला काचेवर ठेवला आणि पहिल्यांदा वाचला. वर्षं बरोबर. कामात चोख, असं लिहिलेलं. वेळ पाळते. आणि मग, स्वभावाने अ‍ॅरोगन्ट.

हा शब्द मला नीट माहीत नव्हता. मोबाइलवर टाकला. उद्धट. मग्रूर. गर्विष्ठ.

मी स्कॅनरचं झाकण लावून टाकलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याचं रेशनकार्ड माझ्या हातात होतं. मला त्या क्लार्कचे दात दिसत होते. आणि माझे.

महिनाभर मी मायला सांगितलं नाही. कशाला सांगायचं, झालं गेलं, असं स्वतःशी म्हणत राहिले. खरं म्हणजे मला भीती होती की ती विचारेल, तू तर सोबत होतीस. शेवटी एका दुपारी धागे कापता कापता सांगितलं. तिची कात्री थांबली.

मग म्हणाली, "सात जागे दखाडं मी ते."

आणि थोड्या वेळाने, "वाचणारासनी काब्र सांगं नही माले?"

सात ठिकाणी दाखवलं मी. वाचणाऱ्यांनी मला का नाही सांगितलं? तिला मॅडमचा राग आला नव्हता. एकाही शिकलेल्या माणसाला असं वाटलं नाही की हिला सांगावं, बाई, हा कागद फाडून टाक. हे तिला लागलं होतं. मलाही तेच लागतं, अजून.

त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागले. शब्दाचं मूळ काय असतं ते शोधलं. तो लॅटिनमधून आलेला. आत एक छोटा शब्द आहे, त्याचा अर्थ मागणे, विचारणे. आणि सगळा मिळून अर्थ, जे आपलं नाही ते आपलंच म्हणून ओढून घेणे. मी दुकानात बसून तीनदा वाचलं. मायने काय ओढून घेतलं होतं? एक लाल खुर्ची. पोराची. पोर कडेवर असताना. वीस मिनिटं. आणि अकरा वर्षं एका बाईचे गुडघे, टाचा, कंबर आपलेच आहेत असं समजून कोणी वापरले?

इंग्रजीत गर्वाला दुसराही शब्द आहे. प्राइड. हाही त्या शाळेत होता. पायऱ्या चढल्यावर समोरच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत, खाली पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. त्याचंही मूळ शोधलं. मागे मागे गेलं की अर्थ निघतो, उपयोगी पडणे. त्या बोर्डावरची धूळ रोज माय पुसायची. एकच भावना. त्यांच्या पोरांच्या नावापुढे आली की सोनेरी, आमच्या नावापुढे आली की शिक्का.

तोवर आया आणि सफाईवाल्या बायकांच्या संघटनेत मी पत्रकं लिहायला लागले होते. तिथल्या काही मैत्रिणी म्हणाल्या, मस्त शब्द आहे, आपण बिल्ल्यावर छापू, होय आम्ही अ‍ॅरोगन्ट. मी नाही म्हटलं. जो शब्द ज्याचा, त्याच्या घरी गेला पाहिजे. तो आमच्या छातीवर कशाला?

गेल्या जूनमध्ये घराजवळच्या एका शाळेत आयाची जागा निघाली. अनुभवाचा दाखला हवा होता. मायला ते काम हवं होतं. धाग्यांनी तिचे डोळे अधू झालेत, पण पोरं अजून अंगाखांद्यावर घेते. म्हणून आम्ही दोघी जुन्या शाळेत गेलो, नवा दाखला मागायला.

ट्रस्टी मॅडम होत्या. त्यांनी आम्हाला उभंच ठेवलं. पत्र बघितलं, लगेच ओळखलं. चिडल्या नाहीत. समजूतदारपणे हिंदीत म्हणाल्या की इतकी छोटी गोष्ट, त्या वेळी कुणी तरी लिहिलं असेल, नवं बनवून देतो. शिपायाला कोरं लेटरहेड आणायला सांगितलं. आणि हात पुढे केला. जुनं इथे ठेवून जा.

नवा कागद हवा तर जुना द्यायचा. म्हणजे झालंच नाही कधी.

मी बोलणार होते. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं, लॅटिनसकट. पण मायने टेबलासमोरची पाहुण्यांची खुर्ची ओढली. फरशीवर खुर्चीचे पाय करकरले. माय बसली. अकरा वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत ती कधी बसली नव्हती. लॅमिनेट केलेला दाखला तिने टेबलावर ठेवला, मॅडमकडे फिरवला, पण वरचा हात काढला नाही.

"वांची संभळावो, बेन," ती म्हणाली. "पछी आपुं."

वाचून दाखवा. मग देते.

मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, त्यात काय वाचायचं. माय म्हणाली, मला वाचता येत नाही ना. गुजरातीत सांगा, हिंदीत सांगा. मी कशी आहे ते लिहिलंय ना, मला सांगा. शिपाई लेटरहेड घेऊन दारात थांबला होता. मॅडमनी तोंड उघडलं, मायकडे बघितलं, आणि मिटलं. लिहिताना जो शब्द इतका सोपा होता, तो बाईच्या तोंडावर बोलता येईना. शेवटी म्हणाल्या, आम्हाला कामं आहेत.

आम्ही जुना कागद घेऊन बाहेर पडलो. नवा मिळाला नाही. घराजवळच्या शाळेतली जागा गेली. माय आजही धागे कापते. ज्यांना या गोष्टीचा गोड शेवट हवा आहे, त्यांनी दुसरीकडे शोधावा.

आमच्या पत्रकात आता दोन ओळी कायम असतात. प्रत्येक व्हरांड्यात आयाला खुर्ची. आणि कुठलाही कागद हातात घेण्याआधी, अंगठा देण्याआधी, देणाऱ्याने तो आपल्या भाषेत, आपल्यासमोर, मोठ्याने वाचायचा. वाचत नसतील तर घेऊ नका. कितीही गोल शिक्का असू दे. आणि तुम्ही वाचणारे असाल, कुठल्या ऑफिसात, कुठल्या टेबलामागे, तर हसू नका. सांगा.

मायचा दाखला संघटनेच्या खोलीत आहे. प्लास्टिक अजून पक्कं आहे. तो आम्ही परत देणार आहोत. पुन्हा त्या ऑफिसात जाणार, दोघी नाही, पन्नास जणी. माय खुर्चीत बसेल, आणि तिच्या तोंडाकडे बघून त्यांना तो शब्द वाचावा लागेल. वाचेपर्यंत आम्ही उठणार नाही.